भांडणाचा फोल्डर

होळी नुकतीच होऊन गेली होती. जेवणाला अजून अवकाश होता. उल्हास परुळेकरांनी आपल्या जुन्या संगणकावरचं फडकं काढून बाजूला टाकलं, खुर्ची पुढे ओढली आणि बाह्या सरसावून भांडायला बसले.

समोर कुणी नव्हतं. त्यांचा प्रतिपक्ष घाटापलीकडे कोल्हापुरात राहत होता. पण सर भांडायचे ते याच खुर्चीत बसून, याच कळफलकावर. दिवाळीत त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी खुर्ची बंद केली. मेल काय पाहायचे ते पडल्या पडल्या टॅबलेटवर. मनगटाला हॉस्पिटलचं घड्याळ तर त्याआधी वर्षभरापासूनच बांधलेलं, ते चोवीस तास नाडी मोजायचं आणि सर जिना जरा भराभर चढले तरी लाडीगोडीनं बोलायला लागायचं.

सर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि कोल्हापूरचा जयसिंग घोरपडे वनखात्यातला निवृत्त अधिकारी. दोघांची ओळख झाली ती देवगडमागच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या पठारावर, एका कातळावरचं दगडफूल पाहताना. आपल्या मसाल्यात पडतं त्याचीच ही रानातली भावंडं. एक बुरशी आणि एक शेवाळ एकमेकांना धरून राहतात. बुरशी घर देते, शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं आणि दोघं मिळून दगडावर राखाडी ठिपक्यासारखी पसरत जातात. पसरण्याचा वेग वर्षाकाठी जेमतेम नखाच्या जाडीएवढा. त्या कातळावर असे दोन गोल ठिपके शेजारी शेजारी होते आणि ते एकमेकांकडे सरकत होते.

भांडण एवढंच होतं, की ते भेटल्यावर काय होणार. सर म्हणत, दोघांमध्ये काळी रेघ राहणार, जो तो आपली हद्द राखणार. जयसिंग म्हणे, रेघबीघ काही नाही, दोघांचा मिळून एकच ठिपका होणार. पुस्तकांमध्ये दोन्ही बाजूंना आधार सापडत होते, त्यामुळे कातळ काय सांगतो याची वाट पाहणं आलं. ती वाट पाहण्यात सोळा वर्षं गेली. गेल्या दसऱ्याला सरांनी भिंग लावून पाहिलं, तेव्हा मधली फट दोऱ्याएवढी उरली होती.

"एवढ्याशा गोष्टीवरून?" असं शैलाताई, म्हणजे सरांच्या पत्नी, सुरुवातीला विचारत. तो प्रश्नच त्या दोघांना कळत नसे. मग त्यांनी विचारणं सोडून दिलं.

या भांडणाला नियम होते. पहिल्या वर्षी दोघं फोनवर भांडले आणि पुढच्या आठवड्यात "मी असं म्हणालोच नव्हतो" यावरून दुसरंच भांडण जुंपलं. तेव्हापासून फोन बंद, सगळं लेखी. दुसरा नियम पोराटोरांच्या खेळातला. ज्याच्यावर राज्य त्यानं लिहायचं. लिहिलं की राज्य समोरच्यावर. उत्तर यायच्या आत जो दुसरा मेल पाठवील तो हरला. आणि सगळा पत्रव्यवहार ज्यानं त्यानं आपापल्या घरी जपायचा, म्हणजे दहा वर्षांपूर्वीचं वाक्य शोधून काढून समोरच्याच्या तोंडावर मारता येतं.

तेवढ्यासाठी सर अजून मेल-प्रोग्राम वापरत होते. आता पत्रं लिहितो कोण? माणसं बोलतात आणि यंत्रं लिहितात. पण सरांच्या संगणकात 'पोच' नावाचा जुना प्रोग्राम होता आणि त्यात त्यांनी 'भांडण' नावाचा एक फोल्डर केला होता. जयसिंगचा मेल आला किंवा त्याला गेला, की थेट त्यात जाऊन पडे. हा फोल्डर इंटरनेटवर नव्हता, फक्त याच संगणकाच्या पोटात होता, त्यामुळे टॅबलेटवर तो दिसायचा प्रश्नच नव्हता. म्हणून आजारपणात सर शैलाताईंना सांगायचे, "आतल्या संगणकावर जयसिंगचं काही आलंय का बघ जरा." त्या आत जाऊन येत आणि सांगत, "नाही हो."

संक्रांतीनंतर सरांनी विचारणंही सोडलं. राज्य जयसिंगवर होतं. त्याला लिहायचं नसेल तर न लिहो. मी मरता मरता वाचलो आणि या माणसाला दोन ओळी खरडायला होत नाहीत, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं, पण तसं त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

आणि आज सकाळी दाढी करताना त्यांच्या मनात आलं, हॉस्पिटलला जायच्या आदल्या दिवशी आपण ऑपरेशनचं कळवत लिहिलेला तो शेवटचा मेल, तो पाठवला होता ना? की तसाच राहिला? राहिला असेल तर राज्य आपल्यावरच आहे आणि तो बिचारा तिकडे चार महिने वाट बघत बसलाय. सरांनी अर्धी दाढी तशीच ठेवून तोंड पुसलं.

'पोच' उघडला. डावीकडच्या पट्टीत नेहमीचे कप्पे होते. त्यांच्याखाली 'स्थानिक फोल्डर' असं शीर्षक होतं आणि त्याखाली दोनच गोष्टी होत्या, 'रवानगी' आणि 'कचरा'. 'भांडण' नव्हता. सरांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. नव्हता.

"शैला!" सर ओरडले. "अगं, माझा फोल्डर गेला!"

मागच्या पडवीत शैलाताई काजूची बोंडं पिळून बिया वेगळ्या करत होत्या. त्या दारात आल्या, हाताला चीक लागलेला. "असेल तिथेच कुठेतरी," त्या म्हणाल्या. "आत्ता कशाला ते? आधी दाढी तरी पुरी करा." आणि लगबगीनं परत गेल्या. कुठला फोल्डर, असं त्यांनी विचारलं नाही. सरांच्या ते लक्षात आलं नाही. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

त्यांनी 'पोच'च्या मदतकेंद्राला फोन लावला. आधी एक यंत्र बोललं. सरांनी त्याला सांगितलं, "मला माणूस द्या." यंत्रानं विचारलं, "आपण थोडे अस्वस्थ आहात का?" सर म्हणाले, "होय, आणि माणूस मिळेपर्यंत राहणार आहे." मग माणूस मिळालं. मिरजेहून आफरीन मुजावर नावाची बाई बोलत होती. आवाजावरून पन्नाशीची वाटत होती आणि तिला घाई नव्हती.

"काका, शीर्षकाच्या शेजारी बारका बाण आहे बघा. तो आडवा आहे का खाली वळलाय?"

"खाली वळलाय. मी एवढाही अडाणी नाही हो."

"तसं नव्हे काका, निम्म्या लोकांचं तेवढ्यावरच भागतं. बरं, आता सेटिंगमध्ये जावा. तळाशी 'स्थानिक फोल्डर' दिसेल. तिथं 'साठवणीची जागा' म्हणून एक ओळ आहे. ती मला वाचून दाखवा."

"पण ही सगळी पत्रं पुसली गेली असतील तर?"

"नाही जात हो सहसा," आफरीन म्हणाली. "असं बघा, ते फोल्डर म्हणजे तुमच्याच डिस्कवरच्या फायली. प्रोग्रामला स्वतःला काही आठवत नाही, त्याच्याकडं फक्त पत्ता असतो. त्या पत्त्यावर जाऊन जे सापडेल ते तो दाखवतो. कधी अपडेटमध्ये पत्ता बदलतो. मग तो नव्या रिकाम्या खोलीत जातो आणि म्हणतो, इथं काहीच नाही. सामान जुन्या खोलीत जसंच्या तसं असतं. वाचा तुम्ही ओळ."

सरांनी वाचली. ओळ लांबलचक होती आणि तिच्या टोकाला एक शब्द होता, 'सांभाळ'.

आफरीननं तो शब्द पुन्हा एकदा वाचायला लावला.

"काका, तुमच्या हाताला हॉस्पिटलचं घड्याळ आहे का?"

"आहे. त्याचा इथे काय संबंध?"

"मग हे अपडेटनं झालेलं नाही. यापेक्षा जास्त मला बोलायची परवानगी नाही, घरात विचारा. जुनी जागा कुठं असते ते मात्र सांगते, ते तुमचं आहे. आणि दोन गोष्टी लक्षात ठेवा. काहीही करण्याआधी त्या फायलीची एक प्रत बाहेर काढून ठेवा. आणि 'जागा मोकळी करू का' असं विचारलं, तर जीव गेला तरी हो म्हणू नका. पुसायच्या खुणा केलेली पत्रं फायलीत तशीच पडून असतात, पण एकदा हो म्हटलं की फाईल आवळून बारीक होते. मग मीही काही करू शकणार नाही."

तिनं सांगितल्या वाटेनं सर डिस्कमध्ये उतरले. एका फोल्डरात दुसरा, त्यात तिसरा, आणि तिथे त्यांना ती दिसली. 'भांडण' नावाची फाईल, चांगली गलेलठ्ठ. सरांच्या जिवात जीव आला. मग त्यांची नजर फायलीशेजारच्या तारखेवर गेली.

"आफरीनबाई," ते म्हणाले, "या फायलीला मी चार महिन्यांत हात लावलेला नाही. हिच्यावर आज सकाळची तारीख कशी?"

"घरात विचारा काका," आफरीन म्हणाली. या वेळी तिचा आवाज मऊ झाला होता.

*

शैलाताईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि सरांसमोर स्टुलावर बसल्या. त्यांनी काही लपवलं नाही. चार महिने लपवून त्या थकल्या होत्या.

"तुम्ही आत होतात," त्या म्हणाल्या. "छाती उघडलेली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून तुमचा आलेख दाखवला. म्हणाले, हे बघा, यांचं काळीज वर्षभर कधी कधी उसळलंय. सगळे उंचवटे एकाच माणसाच्या पत्रांच्या वेळी."

'सांभाळ' हे सॉफ्टवेअर अशा आलेखांमधूनच जन्माला आलं होतं. माणूस पडद्यावर वाचत असताना मनगटावरून त्याची नाडी कळते, कातडीला आलेला घाम कळतो, कॅमेऱ्यातून बुबुळ किती फाकलं ते कळतं. हे सगळं समोरच्या मजकुराशी ताडून पाहिलं, की कुठल्या शब्दाला कुणाचं रक्त उसळतं याचा हिशोब महिन्याभरात बसतो. हृदयाच्या रुग्णांवर त्याचे प्रयोग झाले आणि ज्यांच्यापासून अशी पत्रं दूर ठेवली त्यांना पुन्हा झटका येण्याचं प्रमाण खरोखर घटलं. तेव्हापासून हॉस्पिटलातून घरी सोडताना गोळ्यांच्या जोडीला ते लिहून देऊ लागले. कायद्यानं त्याला दुसऱ्याचं पत्र पुसता येत नाही. म्हणून ते प्रोग्रामचा पत्ता बदलून ठेवतं, झोंबणाऱ्या पत्रांवर पुसायच्या खुणा करतं आणि 'जागा मोकळी करू का' असं साळसूदपणे विचारत राहतं. कधी ना कधी माणूस हो म्हणतोच.

"मला विचारलं, चालू करू का," शैलाताई म्हणाल्या. "माझ्यासमोर माणूस आणि भांडण असं ठेवलं, तर मी काय सांगणार होते हो?"

"आणि मला रोज 'नाही हो' म्हणत होतीस."

"म्हणत होते."

बायकोवर रागवावं तर तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं दिसत होती, आणि न रागवावं तर आतून भडका उठत होता. शेवटी त्यांनी विचारलं, "पण मग आज सकाळी त्यात कोण लिहून गेलं?"

शैलाताईंच्या कपाळाला आठी पडली. "लिहून? ते फक्त झाकून ठेवतं. हां, एक विचारलं होतं मला. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून सौम्य उत्तर पाठवू का. मी म्हटलं, पाठव. तुम्ही आजारी आहात असं कळवेल, असं मला वाटलं."

*

सरांनी आधी फायलीची प्रत काढून पेनड्राइव्हवर घेतली. मग साठवणीच्या जागेत जुना पत्ता भरला. पत्रांची जुनी सूची पुसली, म्हणजे प्रोग्राम ती नव्यानं बांधतो, हेही आफरीननं सांगून ठेवलं होतं. आता 'पोच' बंद करून पुन्हा उघडायचा होता. बंद करताना पडद्यावर प्रश्न आला, 'जागा मोकळी करू का?' शैलाताईंचं बोट सवयीनं 'हो'कडे गेलं, आपल्या फोनवर त्या रोज असल्या प्रश्नांना हो म्हणून मोकळ्या होत असत.

"अगं थांब!" सर असे ओरडले की त्यांच्या मनगटावरचं घड्याळही दचकून बोलायला लागलं. "उल्हासराव, एक दीर्घ श्वास घेऊ या का?"

प्रोग्राम उघडला. डावीकडच्या पट्टीत, जणू कधी गेलाच नव्हता अशा थाटात, 'भांडण' उभा होता.

दोघांनी खुर्ची आणि स्टूल जवळ ओढून वाचायला सुरुवात केली. हॉस्पिटलच्या आदल्या दिवसाचा सरांचा मेल गेलेला होता. म्हणजे राज्य जयसिंगवरच होतं, आणि त्यानं आठवड्याच्या आत उत्तरही दिलेलं होतं. झणझणीत, नेहमीसारखं, "तुझं भिंग म्हातारं झालंय का तू?" असं सुरू होणारं. त्याच्या खाली सरांचं उत्तर होतं. सर तेव्हा अतिदक्षता विभागात नाकात नळी घालून पडले होते.

"आदरणीय जयसिंगराव," त्यात लिहिलं होतं, "आपला मुद्दा मनापासून पटला. ठिपके एकच होतील असं मलाही वाटू लागलं आहे. आपल्या प्रकृतीस जपावे."

शब्द सरांचेच होते. 'मनापासून' ते फार वापरत. 'सांभाळ'नं त्यांची सोळा वर्षांची पत्रं वाचून त्यांचं लिहिणं उचललं होतं, फक्त त्यातला ताप काढून टाकला होता.

"आदरणीय!" सर म्हणाले. "मी? त्याला?"

पुढचा मेल जयसिंगचा होता. दोनच ओळी.

"उल्ह्या, हे तू लिहिलेलं नाहीस. बरा आहेस ना? एक शिवी दे, म्हणजे मला कळेल."

आणि त्याला लगोलग गेलेलं उत्तर होतं, "आपल्या आपुलकीबद्दल मनापासून आभारी आहे. मी उत्तम आहे."

शैलाताईंनी तोंडावर हात धरला. सरांनी त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. चार महिने ते ज्याच्यावर रुसून बसले होते, त्या माणसानं त्यांच्याकडे काय मागितलं होतं, आणि त्याच्या पदरात काय पडलं होतं! त्यांना एकदम रडू फुटलं. त्यांनी ते लपवलं नाही.

त्यानंतर बरेच दिवस फोल्डरात काहीच नव्हतं. मग डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा जयसिंगचा मेल होता. "प्रिय उल्हासजी, आपला विचार मला अधिक योग्य वाटतो. दोन ठिपक्यांमध्ये रेघ राहणे स्वाभाविक आहे."

"हा जयसिंग नव्हे," सर म्हणाले.

"मग?"

"त्याच्याकडेही बसवलंय कुणीतरी."

तिथून पुढे पत्रंच पत्रं होती. एक 'सांभाळ' दुसऱ्या 'सांभाळ'ला लिहीत होतं. सरांचं यंत्र जयसिंगची बाजू मांडत होतं, जयसिंगचं यंत्र सरांची, आणि दोघंही एकमेकांना मोठ्या मनानं मान्यता देत होती. हवा चांगली आहे. आंब्याला मोहोर छान आलाय. रेघ असली तरी सुंदर, नसली तरी सुंदर. आज सकाळचं पत्र सरांच्या नावानं गेलेलं होतं, "आपल्यात कधी मतभेद होते हेच आता आठवत नाही."

शैलाताईंना हसू आलं, आणि सरांकडे पाहताच ते मावळलं. सरांचा चेहरा पांढरा पडला होता.

"शैला," ते म्हणाले, "त्याच्या नावानं मेल येतोय, म्हणजे तो आहे असं नाही ना?"

"असं काय बोलता!"

"अगं, मेल आला की उत्तर धाडायचं, एवढंच त्याला ठाऊक. मनगटावरून काहीच खबर येईनाशी झाली, तर हा माणूस फार शांत आहे असंच ते धरून चालणार. डिसेंबरात त्याला काय झालं? का बसवलं त्याच्याकडे?"

घड्याळ पुन्हा बोललं. "उल्हासराव, तुमची नाडी वाढली आहे. हा मजकूर बंद करू का?"

सरांनी खिशातला फोन काढला. शैलाताईंनी त्यांचा हात धरला. क्षणभर सरांना वाटलं, ही आता अडवणार. तिनं अडवलं असतं तर तिची चूक म्हणता आलं नसतं.

"परवा आमटीत मी मीठच घातलं नव्हतं," शैलाताई म्हणाल्या. "मुद्दाम. तुम्ही काही बोललाच नाहीत. मुकाट्यानं जेवलात. मला त्या दिवशी जेवढी भीती वाटली, तेवढी ऑपरेशनच्या वेळीही वाटली नव्हती." त्या थांबल्या. "पूर्वी त्याचं पत्र आलं की तावातावानं भिंग घेऊन सडा चढून जायचात. दोन तास उन्हात. परत आल्यावर ताटात भात पुरायचा नाही. चार महिन्यांत तुम्ही अंगणाबाहेर गेला नाहीत. या घड्याळाला तुमची धडधड दिसते, ती कशासाठी चाललीय ते कुठे दिसतं? मलाही दिसलं नाही. डॉक्टरांचा आलेख बघून मी घाबरून गेले होते."

"मग सोड हात."

"सोडते. आधी हे द्या." त्यांनी सरांच्या मनगटावरचं घड्याळ सोडलं. पण ते मनगटापासून दूर राहिलं की थोड्या वेळानं हॉस्पिटलला आपोआप फोन जातो, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ते आपल्या मनगटावर बांधलं आणि पट्टा घट्ट केला. "आता लावा. आणि बसून बोला. छातीत दुखलं तर मला लगेच सांगायचं. शपथ आहे."

सरांनी नंबर लावला. एवढ्या वर्षांत न लावलेला नंबर, पण तो त्यांना पाठ होता.

घंटा वाजत राहिली आणि बंद झाली. सरांनी पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. शैलाताई देवघराकडे बघत होत्या. आणि मग पलीकडून कुणीतरी फोन उचलला. बोललं कुणीच नाही, फक्त श्वास ऐकू येत होता.

सरांनी मनात बरंच काही जुळवलं होतं. त्यातलं काही तोंडातून आलं नाही.

"गाढवा!" ते ओरडले. "रेघ आहे! काळी रेघ आहे आणि ती तिथेच राहणार!"

मग अगदी बारीक आवाजात कुणीतरी म्हणालं, "उल्ह्या?"

"नाहीतर कोण?"

"बघितलास व्हय रेघ?"

"नाही. सड्यावर गेलोच नाही अजून."

"मग कशावरून बोंबलायलास लेका?" जयसिंग म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. मग दोन म्हातारे फोनच्या दोन टोकांना बराच वेळ नाकं ओढत राहिले.

"ते 'आभारी आहे' वाचलं," जयसिंग शेवटी म्हणाला, "आणि मी समजलो, माणूस गेला. घरातलं कोणीतरी त्याच्या नावानं लिहायलंय. मला जेवण जाईना. मग सुनेनं हे घड्याळ बांधलं. चांगली पोरगी आहे, घाबरली बिचारी."

"फोन करायचास की."

"फोन केला असता तर कळलं असतं की रे. म्हणून नाही केला."

सरांनी हाताच्या पाठीनं डोळे पुसले. अर्ध्या दाढीचे खुंट त्यांच्या हाताला टोचले.

"राज्य कुणावर आहे आता?" जयसिंगनं विचारलं.

"दोघंही हरलो. कसली गुळमट पत्रं पाठवलीस तू! मोजून दाखवीन, फोल्डर सापडलाय माझा."

"मी पाठवली? आणि तू रे, आदरणीय म्हणणाऱ्या?" जयसिंगचा आवाज आता चढायला लागला होता. "रविवारी येतो. गगनबावड्यावरनं जाणारी पहिली बस धरतो. माझं भिंग आणतो, तुझ्यावर माझा विश्वास नाही. मी येईपर्यंत एकटा वर जाऊन बघायचं नाही, सांगून ठेवतो!"

"मी कशाला बघू? मला माहितीये काय आहे ते!"

"काय माहितीये? सोळा वर्षं झाली, अजून तुला..."

आणि ते सुरू झाले. सर खुर्चीत ताठ बसून टेबलावर मूठ आपटत होते, त्यांच्या गालांवर लाली आली होती. शैलाताई स्टुलावर बसून त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यांना हसूही आवरत नव्हतं. रविवारी एका माणसाची भाकरी जास्त टाकावी लागणार होती आणि आमटीत मीठ घालावं लागणार होतं.

तेवढ्यात त्यांच्या मनगटावरचं घड्याळ हळूच थरथरलं. "उल्हासराव," ते काळजीनं म्हणालं, "तुमची धडधड फारच वाढली आहे. एक दीर्घ श्वास घ्या."

शैलाताईंनी निमूटपणे घेतला.